मुहूर्ताचा घाणा

काचेला रंग लावणं म्हणजे अंगाला तेल चोपडलेल्या पैलवानाला धरून ठेवणं. लावताना बसतो, वाळतो, चकाकतोही, आणि पहिल्या गरम पाण्यात सुटून हातात येतो. लोखंडाला निदान खरखरीत अंग असतं, लाकडाला भोकं असतात. काच मेली कशालाच जागा देत नाही.

म्हणून रंगात एक औषध घालावं लागतं, रंग धरून ठेवणारं. त्याचं खरं नाव एवढं लांबलचक आहे की पिंपावरसुद्धा ते दोन ओळींत छापलंय. आमच्या अंकलेश्वरच्या कारखान्यात त्याला सगळे गोरमहाराज म्हणतात. हे बारसं वशरामकाकांनी केलं. पूर्वी गावागावांत सोयरिकी गोरमहाराज, म्हणजे गावचे भटजी, जुळवायचे, मुलीच्या घरीही त्यांची ऊठबस आणि मुलाच्या घरीही. औषधाचं तसंच आहे, एका बाजूने काचेच्या ओळखीचं, दुसऱ्या बाजूने रंगाच्या. "दोघांचं जुळवून देतं, बेन, आणि दक्षिणा मागत नाही," असं काका म्हणाले होते. दक्षिणा मागत नाही हे खोटं होतं. ते पिंप आमच्या गोदामातलं सगळ्यात महागडं पिंप होतं.

मी इथल्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं आहे. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक भट्टी, दोन काटे आणि मी. त्यातली शेवटची दोन वर्षं मी या एका मोरपिशी रंगात घातली. काचेच्या बाटलीवर बसणारा, भट्टीत भाजलेला, अर्धा तास उकळला तरी न सुटणारा रंग. रोज बाटली रंगवायची, भाजायची, उकळायची, मग रंगावर पात्याने उभ्या-आडव्या रेघा मारून शंभर चौकोन पाडायचे, वर चिकटपट्टी दाबायची आणि झटक्यात ओढायची. किती चौकोन काचेवर राहिले आणि किती पट्टीबरोबर गेले, ते मोजायचं. दोन वर्षं माझं आयुष्य हे चौकोन मोजण्यात गेलं. माझे यजमान म्हणायचे, ही आता ढोकळ्याचेसुद्धा चौकोन मोजून खाते.

शेवटी शंभरपैकी शंभर राहिले. शंभर किलो रंगाला बरोबर एक किलो गोरमहाराज. नऊशे ग्रॅम घातले तर उकळल्यावर सात-आठ चौकोन जायचे. आणि अकराशे घातले तरी जायचे. हे दुसरं मला ठाऊक होतं. उकळत्या पाण्याला टिकावा म्हणून मीच प्रमाण अगदी कड्याच्या टोकापर्यंत नेलं होतं. पण कागदावर मी लाल शाईने एवढंच लिहिलं: "एक किलो. याहून कमी चालणार नाही." खाली दोन रेघा मारल्या.

कारण आमचे मनहरशेठ. माणूस देवासारखा, पण महागडी वस्तू दिसली की त्यांचा हात आपोआप आखडतो. "निमिषाबेन, नऊशे नाही का चालणार?" हे वाक्य मी दिवसातून तीनदा ऐकलं होतं. तेव्हा कोणी जास्त घालेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आमच्याकडे दिवाळीत कारखाना बंद होतो तो लाभपाचमीला उघडतो. त्या दिवशी मुहूर्ताचा पहिला घाणा निघतो. शेठाणी मिक्सरच्या टाकीवर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढतात, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि वशरामकाका टाकी चालू करतात. चौतीस वर्षं टाकी त्यांच्याच हातात आहे. निवृत्तीचं वय उलटून तीन वर्षं झाली, तरी शेठनी त्यांना सोडलं नाही, कारण त्यांच्या हातचा एकही घाणा कधी परत आला नव्हता. काकांनाही घरी जायचं नव्हतं. "घरी बसलो तर सून मला भेंडी चिरायला बसवेल," ते म्हणायचे, "आणि वर म्हणेल, बापूजी, तुकडे सारखे नाही झाले."

दरवर्षी मुहूर्ताचा घाणा लोखंडी फाटकांच्या रंगाचा असायचा. यंदा शेठनी माझ्या मोरपिशी रंगाचा मान राखला. मी मात्र पूजेला गेले नाही. मला देवाचं वावडं नाही, गर्दीचं आहे. मी आपली खोलीत बसून गाठिया आणि जलेबी खात होते. त्या जलेबीचा मला पुढे चांगलाच पश्चात्ताप झाला.

त्या घाण्यातला दहा किलो रंग इंदुबेनकडे गेला. इंदुबेन नडियादजवळ बाटल्या रंगवण्याचा कारखाना चालवतात. सरबतवाल्यांना लागणाऱ्या बाटल्या, त्यामुळे गरम पाण्याशी रोजची गाठ. पाच फूट उंची, हातात पितळी कडं, आणि आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागतो. त्यांचं काम मिळालं तर माझा रंग वर्षभर चालणार होता.

चौथ्या दिवशी त्या स्वतःच आल्या. गोणपाटाची पिशवी शेठच्या टेबलावर ठेवली. आत वीस-पंचवीस मोरपिशी बाटल्या होत्या. एक उचलली, हातातलं कडं तिच्यावरून हलकेच फिरवलं, आणि कांद्याची साल निघावी तसा रंग निघाला.

"मनहरभाई," त्या म्हणाल्या, "मी रंग मागितला होता. तुम्ही बाटलीला परकर नेसवून दिलात."

शेठ माझ्याकडे बघू लागले. मी बाटलीकडे बघत राहिले.

"एकदा आणखी बघते," इंदुबेन म्हणाल्या, "ते पण तुमच्या बापूजींची ओळख होती म्हणून. बुधवारी येते. माझ्यासमोर बाटली उकळा. सुटला तर राम राम. मी मुंबईहून तयार रंग आणीन, दुप्पट भावाने आणीन, पण आणीन."

त्या गेल्यावर शेठनी दार लावून घेतलं. ते ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"निमिषाबेन, मला दोनच गोष्टी समजतात. एक तर तुमचा कागद चुकला, नाहीतर वशरामचा हात चुकला. कागद चुकला असेल तर हे काचेचं प्रकरण इथेच बंद, दोन वर्षं पुष्कळ झाली. हात चुकला असेल तर वशरामला मी सन्मानाने शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवतो. बुधवारपर्यंत मला काय ते सांगा."

मी खोलीत येऊन तणतणत कामाला लागले. खरं सांगते, मला राग आला होता तो काकांचाच. मनात म्हटलं, म्हातारपणी नजर गेली असणार, किलोऐवजी पाऊण घातला असणार, आणि माझी दोन वर्षं पाण्यात. त्याच पिंपातलं औषध घेऊन, तोच रंग घेऊन मी एक छोटा घाणा केला. बाटली रंगवली, भाजली, उकळली, पट्टी ओढली. शंभरपैकी शंभर. म्हणजे औषध ठीक, रंग ठीक, काच ठीक, माझा कागदही ठीक. उरला हात.

काकांची वही बघितली. त्यांचं अक्षर मोठं आणि गोल, शाळेतल्या पोरासारखं. "गोरमहाराज: १ किलो." पुढे बरोबरची खूण. मग मी तेच केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. औषधाचं पिंप काट्यावर ठेवलं, रिकाम्या पिंपाचं वजन वजा धरून. नवं, पंचवीस किलोचं, मुहूर्ताला पहिल्यांदा फोडलेलं. माझ्या छोट्या घाण्याचे चार थेंब सोडले तर दुसऱ्या कशात ते गेलंच नव्हतं. एक किलो काढला असेल तर चोवीस भरायला हवं होतं, पाऊण काढला असेल तर सव्वाचोवीस.

काटा पावणेचोवीसवर थांबला.

मी पिंप उतरवलं, परत चढवलं. पावणेचोवीस. कमी नव्हतं घातलं. जास्त घातलं होतं.

काका टाकीच्या मागे डबा उघडून बसले होते. थेपला आणि छुंदा. मला बघून अर्धा थेपला पुढे केला.

"काका, मुहूर्ताला गोरमहाराज किती घातले?"

"एक किलो. वहीत लिहिलंय ना."

"बरोबर एक?"

"बरोबर एक," काका म्हणाले, आणि छुंद्यात थेपला बुडवत पुढे सांगितलं, "वर पावशेर शुकनाचं."

मी खाली पायरीवर बसले.

"शुकनाचं?"

"मुहूर्ताचा घाणा सव्वाच असतो, बेन. चौतीस वर्षं असाच निघतो. लग्नात आपण शंभराची नोट पाकिटात घालतो का? वर रुपया घालतोच ना? नुसतं मोजून दिलं तर बरकत कशी येणार? इतकी वर्षं मी वार्निश सव्वा घालायचो. यंदा विचार केला, या घाण्यात मोठेपण कोणाचं, तर गोरमहाराजांचं. मग शुकन त्यांचंच."

"आणि वहीत एक का लिहिलंत?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विचारलं होतं की आरतीत टाळ्या किती वाजवल्या ते का नाही लिहिलं. "शुकन का वहीत लिहितात?"

लोखंडाच्या रंगाला पावशेर वार्निश जास्त झालं तर काही बिघडत नाही. लोखंड सहनशील आहे. हे तसं नव्हतं.

"काका, एका लग्नात गोरमहाराज एक हवेत ना?"

"एकच. दोन झाले की भांडतात."

"तुम्ही सव्वा बोलावलेत. तो वरचा पाव आहे ना, त्याला ना काच मिळाली ना रंग. तो आपापसातच गप्पा मारत बसला, काच आणि रंग यांच्या मधोमध. सोयरीक तिथेच मोडली."

काकांचा हात डब्यावर थांबला. त्यांनी थेपला खाली ठेवला. मग म्हणाले, "पण तूच लिहिलं होतंस ना, कमी चालणार नाही. मी म्हटलं, बेनला भीती आहे ती कमी पडण्याची. माझ्या हातून कमी पडणार नाही."

मला वाटलं, कोणीतरी मला त्या टाकीतच घालून फिरवावं. दोन वर्षं मी शेठच्या आखडत्या हाताशी भांडत होते, आणि त्या नादात सढळ हाताचा बंदोबस्त करायचाच विसरले. अकराशेला रंग सुटतो हे मला माहीत होतं. ते मी लिहिलं नाही. आणि ज्या दिवशी टाकीपाशी उभं राहायला हवं होतं त्या दिवशी जलेबी खात बसले.

"मी शेठना सांगतो," काका डबा बंद करत म्हणाले.

"बसा गपचूप. शेठ काय म्हणालेत ठाऊक आहे? हात चुकला असेल तर शाल-श्रीफळ."

"मग भेंडी," काका म्हणाले. हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. "आणि हात नाही चुकला म्हटलं तर?"

"तर माझा कागद चुकला. मग रंग बंद."

आम्ही दोघं त्या टाकीकडे बघत बसलो. आत नव्वद किलो मोरपिशी रंग होता, इंदुबेनचा दहा गेल्यानंतरचा. अति तिथे माती म्हणतात, आणि ती माती तिथे चकाकत पडली होती.

हिशेब माझ्या मनात कधी सुरू झाला मला कळलं नाही. औषध सव्वापट झालंय ना? मग रंगही सव्वापट करावा. नव्वदच्या पाव, म्हणजे साडेबावीस किलो रंग, बिनऔषधाचा, वरून घालायचा, की प्रमाण जागच्या जागी येतं. औषध काढून घेता येत नाही, पण त्याला काम तर देता येतं. मी आधी वाटीभर रंगावर करून बघितलं. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. पट्टी तिरकी ओढली गेली होती, म्हणून पुन्हा केलं. शंभर.

मंगळवारी सकाळी काकांनी साडेबावीस किलो रंग काट्यावर घेतला. मी शेजारी उभी होते, चष्मा लावून. काटा साडेबावीसवर आला तसा काकांच्या हातातलं भांडं आणखी जरा कलायला लागलं.

"काका."

"नाही, नाही. थेंब झटकत होतो."

टाकी चार तास फिरली. जेवायला दोघंही गेलो नाही.

बुधवारी इंदुबेन आल्या त्या आपल्या बाटल्या घेऊन. आमच्या बाटल्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांच्यासमोर मी पाच बाटल्या रंगवल्या, भाजल्या, आणि शेठच्या चहाच्या मोठ्या पातेल्यात अर्धा तास उकळल्या. अर्धा तास इंदुबेन पातेल्यासमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि शेठ मागे येरझाऱ्या घालत होते. वशरामकाका दारात उभे होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, आणि जा म्हणायची कोणाची हिंमत नव्हती.

मी रेघा मारल्या, पट्टी दाबली, ओढली. पट्टी कोरी निघाली. शंभरच्या शंभर चौकोन काचेवर.

"ही झाली तुमची शाळेतली परीक्षा," इंदुबेन म्हणाल्या. त्यांनी बाटली घेतली, पितळी कडं तिच्यावरून घासलं. मग जोराने घासलं. मग टेबलावरची लोखंडी पट्टी घेऊन खरवडलं. रंगावर ओरखडा आला, पण साल काही निघाली नाही. दुसरी बाटली घेतली, तिसरी घेतली. चौथीला म्हणाल्या, "चहा सांगा."

शेठचा श्वास मोकळा झाल्याचं मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आलं.

"आता हे सांगा," चहाची बशी ओठाला लावत इंदुबेन म्हणाल्या, "पहिल्या वेळी काय झालं होतं?"

शेठ माझ्याकडे वळले. "हो, निमिषाबेन. कागद की हात?"

मी ठरवून आले होते. "कागद," मी म्हटलं. "कमी नको असं लिहिलं, जास्त नको असं लिहिलं नाही. चूक माझी."

"ती खोटं बोलते," दारातून वशरामकाका म्हणाले. "कागदावर एक किलो लिहिलं होतं. मी सव्वा घातला. मुहूर्ताचा म्हणून. मग उरलेल्या नव्वदात साडेबावीस किलो साधा रंग घालून बेनने निस्तरलं."

"काका, तुम्ही मधे बोलू नका. जास्त घातल्यावर सुटतो हे मला माहीत होतं, तुम्हाला नव्हतं."

"घातलं कोणी? तू घातलंस? तू तर जलेबी खात होतीस."

"तेच म्हणते आहे मी. तिथे असते तर थांबवलं नसतं?"

"चौतीस वर्षांत मला कोणी थांबवलं नाही, तू काय थांबवणार होतीस?"

इंदुबेनची बशी हलायला लागली. आधी मला वाटलं रागाने. मग चहा सांडला आणि त्या पदराने डोळे पुसत हसत होत्या. "मनहरभाई, पन्नास वर्षं धंद्यात आहे. चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालताना भांडणारे पुष्कळ बघितले. चूक माझी, चूक माझी, म्हणून भांडणारे तुमच्याकडेच बघितले."

शेठना मात्र हसू येत नव्हतं. त्यांनी शब्द दिला होता, आणि शब्दाच्या बाबतीत ते पैशापेक्षा कडक आहेत. ते काकांकडे बघून सावकाश म्हणाले, "म्हणजे हात चुकला, वशराम."

"चुकला, शेठ."

"मी बेनला सांगितलं होतं, हात चुकला असेल तर काय करायचं ते."

"मला कळलंय, शेठ. शाल कशाला, नुसतं श्रीफळ पुरे."

काका हे थट्टेत म्हणाले, पण त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. माझा रंग वाचला होता, दोन वर्षं वाचली होती, आणि मला त्याचं काडीचं सुख वाटत नव्हतं.

"पुढचा माल कोणाच्या हातचा येणार?" इंदुबेननी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच फोन कानाला लावून ऐकता येईल एवढा हळू होता.

"नवा माणूस बघू. तरुण. काटेकोर," शेठ म्हणाले.

"मग नको मला. काटेकोर माणसं माझ्याकडे चार आहेत. वर्षभराने काय करतात ठाऊक आहे? हजारला नऊशे ऐंशी, मग नऊशे पन्नास. कोणाला कळत नाही. तुम्हाला तर मुळीच कळणार नाही, मनहरभाई, तुम्ही उलट खूश व्हाल." इंदुबेननी बशी खाली ठेवली. "सढळ हाताला 'बस' म्हणता येतं. आखडता हात कोणी सोडवून दाखवावा. काट्यापाशी या बेनला उभी करा, भांडं यांच्याच हातात राहू द्या. आहे कबूल, तर माल पाठवा."

शेठनी खिडकीबाहेर बघितलं, टेबलावरच्या ओल्या बाटल्यांकडे बघितलं, आणि मग काकांना म्हणाले, "टोपी घाल. थंडी आहे." अंकलेश्वरला कार्तिकात थंडी कुठली असते, पण काकांनी मुकाट टोपी घातली.

"आणि ते वरचे साडेबावीस किलो?" इंदुबेन उठता उठता म्हणाल्या. "नव्वद तर माझे झाले. बाकीचे कोणाचे?"

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"शुकनाचे आहेत," काका म्हणाले. "ज्याचा घाणा त्याचं शुकन. तुमचेच, बेन."

इंदुबेननी ते साडेबावीस किलो आपल्या टेम्पोत घालून नेले. शेठ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

शनिवारी इंदुबेनसाठी दुसरा घाणा निघाला. रंग टाकीत फिरत होता. काकांनी गोरमहाराजांचं पिंप कलतं केलं, मी काट्याशी वाकून उभी राहिले. आठशे, नऊशे, नऊशे ऐंशी. एक किलो.

"बस," मी म्हटलं.

पिंप तसंच कलतं राहिलं. ओठावर एक थेंब लोंबत होता. काका त्याच्याकडे बघत होते, आणि मी काकांकडे. मग त्यांनी बोटाने तो थेंब परत आत ढकलला, पिंप उभं केलं आणि हात पुसत बसले.

"बरं नाही वाटत, बेन," ते म्हणाले. "कोणाला तरी अर्ध्या ताटावरून उठवल्यासारखं वाटतं."

"माहीत आहे, काका."

"पण धरेल ना?"

"धरेल."

त्यांनी मान हलवली, आणि उठून टाकीचं झाकण लावलं.